पॉइंट सहा दोन

मे महिन्यात अंगात लोकरीचा स्वेटर आणि गळ्याला मफलर अशा थाटात कामावर हजर होणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात एकच असावा, आणि तो आमच्या कारखान्यात होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून येतंय, कुत्री टँकरखाली जीभ काढून पडलीत, आणि हे गृहस्थ मोताळ्याच्या बसमधून उतरून फाटकाशी थांबतात, पिशवीतून स्वेटर काढतात आणि शांतपणे डोक्यातून घालतात. फाटकावरचा वॉचमन रोज म्हणायचा, "चाचा, मले पाहूनच घाम येऊन राह्यला. आत जाऊन घाला ना."

"एकदम थंडीत शिरलं तं सांधे धरतेत," चाचा म्हणायचे. "आधीपासून सवय करा लागते."

चाचा हे काही त्यांचं नाव नव्हे. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे असताना मीही म्हणत असे. खरं नाव मी इथे लिहीत नाही. चुकीच्या जागी ते मी एकदा लिहिलं आहे, तेवढं पुरे. मी त्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होतो, म्हणजे चाचांचा साहेब. आज मला बहात्तर पूर्ण आहेत. चाचांच्या नावावर अठरा वर्षांपासून एक चूक लागलेली आहे आणि ती त्यांची नव्हती. हे मला खात्रीनं माहीत आहे, कारण ती त्यांच्या नावावर मी लावली.

आमचा कारखाना पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करायचा. ॲल्युमिनियमची झाकणं, पाती, कड्या. मशीनवर भाग तयार झाला की तो ड्रॉइंगप्रमाणे झालाय का हे बघायला मोजमापाच्या खोलीत जायचा, आणि त्या खोलीचे राजे चाचा. पुण्याहून जुनी विकत आणलेली एक मशीन तिथे होती. काळ्या दगडाचा गुळगुळीत ओटा, त्यावर सरकणारी कमान, कमानीतून खाली आलेली काडी आणि काडीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा माणकाचा गोळा. तो गोळा भागाला जिथे टेकेल तिथली जागा कॉम्प्युटर टिपून घ्यायचा. कामगार तिला 'काडीवाली' म्हणत. काडीवालीला वीस डिग्री लागायचे. जास्त नाही, कमी नाही. धातू उन्हानं फुगतो. आमच्याकडच्या मे महिन्यात वीतभर झाकण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं वाढतं, आणि आमचा सगळा व्यवहार त्या दहाव्या हिश्शांचाच होता.

त्यामुळे संपूर्ण कारखान्यात थंड खोली एकच, आणि तिच्या दारात मफलर गुंडाळून चाचा. आत येणाऱ्याला ते आधी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे नेत. "माणूस म्हंजे शंभराचा बल्ब हाये," ते सांगत. "चालता-बोलता. तुमी आत आले का माही मशीन फुगते."

एकदा मालकांचे मेहुणे तीन पाहुण्यांना घेऊन आले. बाहेर आग ओतत होती, त्यांना जरा थंडाव्यात बसायचं होतं. चाचांनी चौघांना नीट न्याहाळलं, त्यांतल्या जाडजूड पाहुण्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चौघं म्हंजे अर्धा डिग्री. दोघं बाहेर थांबा, दोघं बसा, मंग अदलाबदल करा. आन् बसले तं बोलू नोका. बोलल्यानं जास्त गरम होते."

मेहुणे तणतणत मालकांकडे गेले. मालक हसले. पण त्यानंतर मालक स्वतः त्या खोलीत यायचे तेव्हा दारावर टकटक करून विचारायचे, "चाचा, आज किती जणांची जागा आहे?"

चाचांचे वडील साखरखेर्ड्याला शिंपी होते. चाचाही लहानपणी दुकानात बसायचे, पण वडिलांनी त्यांना त्यातून काढलं. का, तर एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला ते अर्धा तास लावत. छातीचं माप श्वास घेतल्यावर एक, सोडल्यावर एक, आणि जेवणानंतर बोलावून आणखी एक. ईदेच्या आठवड्यात दुकानाबाहेर रांग लागली आणि आत एकच माणूस हात वर करून उभा. वडील म्हणाले, तू कारखान्यात जा, लोखंड तक्रार करत नाही. ही गोष्ट चाचा स्वतःच सांगत आणि शेवटी म्हणत, "अब्बांचं बराबर व्हतं. लोखंडानं कवाच तक्रार केली नाही. साहेब लोकं करतेत."

त्यांना 'किती' असं विचारलं की ते आधी 'कुठून' असं विचारत. ही त्यांची सवय नव्हती, श्रद्धा होती. एकदा फाटकाशी एका ट्रकवाल्यानं विचारलं, "चाचा, मोताळा किती दूर हाये?"

"कुठून?"

"इथून."

"इथून म्हंजे? फाटकापासून का तुह्या गाडीच्या तोंडापासून? आन् मोताळ्याच्या कोणत्या कोपऱ्यापर्यंत?"

ट्रकवाल्यानं गाडीला गिअर टाकला. विचारत विचारत पोचला असेल.

मुलीचं लग्न जमवताना मुलाकडच्यांनी तिची उंची विचारली. चाचा म्हणाले, "चपलीसगट का बिगर चपलीची? आन् टाळूपासून का केसापासून?" चाची आतून डोळे वटारत होत्या. पण मुलाचे वडील गवंडी होते. ते उठून चाचांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "असाच व्याही पाह्यजे व्हता मले." सोयरीक पक्की झाली ती त्या प्रश्नावर.

माझ्या मुलाच्या लग्नात चाचा आदल्या दिवशी मांडव बघायला आले. दोन फेऱ्या मारल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मांडव एकदम गुण्यात हाये. चारी कोपरे काटकोन. पण अख्खा मांडव रस्त्याले तिरपा बसला." मी म्हटलं, चाचा, मांडव चौकोनी आहे ना, झालं तर मग. ते म्हणाले, "चौकोनी हाये. पण जाग्यावर नाही." दुसऱ्या दिवशी वरातीत बँडची गाडी वळली आणि मांडवाच्या पुढच्या खांबाला जाऊन अडकली. ना पुढे ना मागे. वीस मिनिटं बँडवाले एकाच जागी उभे राहून वाजवत होते. चाचा गर्दीत होते. माझ्याकडे बघून त्यांनी काहीही म्हटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

आणखी एक सांगायला हवं, पुढचं सगळं त्यावर आहे. चाचा पहिल्या दिवसाचं माप कधी पेननं लिहीत नसत. मशीनवरून आलेला भाग दोन-तीन तास खोलीत ठेवून ते एकदा मोजत आणि रिपोर्टवर पेन्सिलीनं शेरा लिहीत. मग भाग रात्रभर खोलीतच निवू देत, सकाळी पुन्हा मोजत, आणि दोन्ही जमले तरच पेननं गिरवत. "पह्यलं माप म्हंजे मुलगी पाह्यली," ते म्हणत. "दुसरं म्हंजे सुपारी फुटली."

आता त्या झाकणाकडे येतो.

पुण्याच्या एका कंपनीचं नवं काम मिळालं होतं. पंपाचं झाकण. झाकणाला दोन भोकं, त्यांत खिळ्यासारख्या पिना बसणार, आणि पिनांच्या आधारानं झाकणाची वळणदार कड पंपाच्या खोबणीत उतरणार. ड्रॉइंगवर त्या कडेला बाण दाखवून एक चिन्ह होतं, अर्ध्या भाकरीसारखं, आणि त्यापुढे आकडा, पॉइंट चार. त्याला आमच्या धंद्यात प्रोफाइल टॉलरन्स म्हणतात. म्हणजे कड हुबेहूब ड्रॉइंगसारखी कुणालाच करता येत नाही, थोडी इकडे-तिकडे होणारच; पण किती झालेली चालेल, त्याची ती हद्द.

मला वाटत होतं की कड बाहेर पॉइंट चार आणि आत पॉइंट चार गेलेली चालेल. चाचांनी खिशातून शिंप्याचा खडू काढला. तो त्यांच्या खिशात कायम असे. टेबलावर त्यांनी कडेची वळणदार रेघ काढली आणि तिच्या दोन्ही अंगांनी दोन रेघा.

"ही मंधातली म्हंजे ड्रॉइंगची कड. ह्या दोन रेघांच्या मंधातली पट्टी पॉइंट चार रुंद. पूर्ण पट्टी, साहेब. म्हंजे बाहेर पॉइंट दोन, आत पॉइंट दोन. शिलाई पट्टीच्या बाहेर गेली का सदरा वापस."

"बरं. आणि आपली किती आली?"

"पॉइंट सहा दोन."

"पण इथे कॉम्प्युटर तर म्हणतोय की सगळ्यात जास्त सरकलेली जागा पॉइंट तीन एक आहे."

"हाव. एका अंगाले पॉइंट तीन एक गेली. पट्टी मंधातल्या रेघेपासून दोन्हीकून सारखीच फाकते. तेवढी जागा पोटात घ्यायची तं पट्टी दोन्हीकून तेवढी रुंद धरा लागते. दुप्पट. पॉइंट सहा दोन. चारच्या जागी सहा दोन. वापस."

मी म्हटलं, कडेचा आकार तर सुरेख आलाय. तेव्हा त्यांनी खडूनं एक सदरा काढला आणि त्याला कॉलर काढली. कॉलर झकास गोल होती. फक्त ती गळ्यावर नव्हती, डाव्या खांद्यावर होती. "हे पाहा. कॉलरमंधी काही खोट नाही. गोल हाये, सारखी हाये. पण घालणाऱ्याची मान मंधात हाये, त्याले काय करता? आपल्या झाकणाची कड अशी हाये. आकार एक नंबर. भोकापासून सरकलेली."

मला समजलं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. त्या खडूच्या कॉलरकडे बघताना मला सगळं स्वच्छ समजलं.

पण फाटकात गाडी उभी होती. तीनशे झाकणं भरून. मालकांचा तासाला एक फोन येत होता, आणि प्रत्येक फोनमध्ये ते एवढंच विचारत, "गाडी निघाली का?" नवं गिऱ्हाईक, पहिला माल. भोकं पाडतानाच फिक्श्चर, म्हणजे झाकण जागेवर धरून ठेवणारी पकड, सरकलं होतं आणि ते फिक्श्चर मी पास केलं होतं. मालकांना हे कळलं तर माझं काय होईल, याचा विचार मी झाकणापेक्षा जास्त करत होतो.

काडीवालीच्या कॉम्प्युटरमध्ये 'बेस्ट फिट' नावाचं एक बटन होतं. ते दाबलं की कॉम्प्युटर भोकांचा विचार सोडून देतो आणि मोजलेली कड ड्रॉइंगच्या कडेवर जास्तीत जास्त चपखल बसेपर्यंत स्वतःच सरकवून घेतो. नुसता आकार तपासायचा असेल तर त्याचा उपयोग आहे. मी म्हटलं, "चाचा, बेस्ट फिट दाबा."

"दाबता येते. पण मशीनमंधी कड सरकन साहेब, पुण्यात भोकं कोन सरकवीन?"

"दाबा तर."

"मी नाही दाबत."

मी दाबलं. आकडा आला पॉइंट शून्य नऊ. रिपोर्ट छापला. चाचांनी तो हातात घेतला, त्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, 'भोकापासून ०.६२. पाठवू नये,' आणि माझ्यासमोर ठेवून नमाजाला गेले. सकाळी पुन्हा मोजून ते पेननं गिरवणार होते. मी टेबलाच्या खणातून रबर काढलं.

गाडी चार वाजता निघाली.

पुण्याला काय झालं ते नंतर कळलं. झाकणाच्या पिना भोकात बसल्या, पण कड एका बाजूला खोबणीवर अडकली. तिथल्या फिटरनं ती हातोडीनं ठोकून बसवली. मग पंपात पाणी सोडलं, तेव्हा त्यांचे एक मोठे अधिकारी पांढरा शर्ट घालून समोरच उभे होते. आमच्या झाकणातून निघालेली चिळकांडी त्यांच्या थेट खिशात गेली, असं ड्रायव्हर सांगत होता. त्याच गाडीतून तीनशे झाकणं परत आली.

आठवड्यानं पुण्याहून एक साहेब चौकशीला आले. मालकांच्या केबिनमध्ये मी, चाचा आणि तो कागद. चाचा शांतपणे म्हणाले, "मी लिहेलं व्हतं पाठवू नये म्हून."

मालकांनी कागद पुढे केला. "कुठे?"

चाचांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "पेन्सिलीनं व्हतं. घासल्या गेलं असन. दुसऱ्या दिवशी गिरवणार व्हतो, तवर गाडी गेली." बेस्ट फिट कुणी दाबलं ते त्यांनी काढलंच नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या डोक्यात दुसरी शक्यता आलीच नव्हती.

पुण्याच्या साहेबांनी विचारलं, "मोजमाप कोणी केलं?"

"चाचांनी," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. मोजमाप त्यांनीच केलं होतं.

मग तो फॉर्म भरायचा होता. चूक झाली की त्यात पाच वेळा 'का' विचारून मुळापर्यंत जायचं असतं. कामगार त्याला 'पाच काऊन' म्हणत. मी लिहिलं: पाणी का गळलं? कड जागेवर नव्हती. का? प्रोफाइल हद्दीबाहेर होती. मग माल का गेला? रिपोर्ट चुकीचा होता. का? इन्स्पेक्टरने प्रोफाइल टॉलरन्सचा चुकीचा अर्थ लावला. तो का? प्रशिक्षणाचा अभाव. इन्स्पेक्टरच्या रकान्यात मी चाचांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

अभाव म्हटला की प्रशिक्षण द्यावं लागतं. ते द्यायची जबाबदारी क्वालिटी मॅनेजरची. म्हणजे ज्यांनी मला प्रोफाइल शिकवलं, त्यांना प्रोफाइल शिकवायला मी फळ्यापुढे उभा राहिलो. समोर बारा जण, पहिल्या बाकावर चाचा, नवी वही, कडेला समास आखलेला. नीट शिकवलं असतं तर बारा जणांपैकी एखाद्यानं तरी विचारलं असतं की साहेब, मग या रिपोर्टात बेस्ट फिट कुणी दाबलं. म्हणून मी मुद्दाम गोलमोल बोललो. पट्टीपाशी आलो की अडखळायचं, दुपटीपाशी आलो की चहा मागवायचा. तासाभरात मी तो विषय इतका गढूळ केला की एक पोरगा म्हणाला, "सर, याच्यापेक्षा आधी जास्त समजत होतं." चाचा मात्र माझ्याकडे एकटक बघत होते. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. माझ्या खोटेपणाची कीव, असं मी समजलो, आणि मी वळून फळा पुसायला लागलो.

पुण्याच्या कंपनीची अट होती की जबाबदार माणूस मोजमापावर राहता कामा नये. चाचांना स्टोअरमध्ये टाकलं. पत्र्याचं शेड, नट-बोल्टांच्या गोण्या, मेमध्ये आत भट्टी. पहिल्या दिवशी ते फाटकाशी सवयीनं थांबले, पिशवीत हात घातला आणि तसेच पुढे गेले. चार वर्षं तिथे काढून ते निवृत्त झाले. स्टोअरमध्येही एखाद्यानं "चाचा, बोल्ट किती लांब?" विचारलं की ते म्हणायचे, "कुठून? डोकं धरून का डोकं सोडून?" एवढं मला लांबून ऐकू यायचं. जवळ मी जात नसे.

गेल्या थंडीत कारखान्यानं मला जुना माणूस म्हणून भाषणाला बोलावलं. आता तिथे क्वालिटीला एक मॅडम आहेत, माझ्या नातीच्या वयाच्या, चुणचुणीत. मोजमापाच्या खोलीत नेलं. भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता, वर ठळक अक्षरांत 'चुकीतून शिका'. खाली माझे पाच का, माझ्याच शब्दांत. मॅडम हसून म्हणाल्या, "ही आमच्याकडे फेमस आहे सर. चाचा-मिस्टेक. नवीन मुलांना पहिल्या दिवशी हीच शिकवतो. प्रोफाइल कुणी चुकीचं वाचलं की म्हणतात, अरे, चाचा झाला तुझा."

मी भाषण केलं. काय केलं ते आठवत नाही. उतरल्यावर मॅडमना म्हटलं, तो कागद काढा, त्यात लिहिलंय ते खरं नाही.

"असा काढता नाही येत सर. नोंदणीतला कागद आहे. बदलाचा फॉर्म भरावा लागेल. नवीन पुरावा काय आहे?"

"मी."

त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. "पाच का पुन्हा लिहा. आणि खाली संबंधित इन्स्पेक्टरची सही लागेल. ते हयात आहेत ना?"

हयात आहेत का, हे मला माहीत नव्हतं. वॉचमनला माहीत होतं.

दोन बस बदलून साखरखेर्ड्याला गेलो. बाजाराच्या मागे, वडिलांचं दुकान होतं त्याच जागी चाचा राहतात. दाढी पांढरी झाली आहे, पाठ थोडी वाकली आहे. मला बघून ते खरोखर खूश झाले. मी पिशवीतून फॉर्म काढेपर्यंत ते आत जाऊन उशी, जुना पेपर, कात्री आणि दोन सुया घेऊन आले.

"बरं झालं आले, साहेब. तुमाले एक दाखवाचं व्हतं. लय वर्सांपासून मनात हाये."

आतून चाचींचा आवाज आला, "झालं सुरू. बावा, पानी तं पिऊ द्या त्याईले."

चाचांनी पेपरची कॉलर कापली, उशीवर ठेवली आणि दोन सुया आरपार टोचल्या. "ह्या सुया म्हंजे झाकणाच्या पिना. आता कॉलर इकडं सरकवा. सुया न काढता."

मी सरकवली. कागद सुईपाशी फाटला.

"पाह्यलं?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "बेस्ट फिट म्हंजे सुया काढून सरकवनं. मशीनले सुया नाही ना टोचेल, तिले काय. तवा म्या खडूनं दाखवलं, ते तुमाले नाही समजलं. माहीच चूक. खडूनं सरकनं दिसत नाही. सुईनं दिसते. आता समजलं ना?"

"चाचा," मी म्हणालो, "मला तेव्हाच समजलं होतं."

"तवा म्हंजे कवा?"

"तुम्ही खांद्यावर कॉलर काढली तेव्हा."

"मंग बेस्ट फिट काऊन दाबलं?"

"गाडी उभी होती. फिक्श्चर मी पास केलं होतं. मला भीती वाटली."

"आन् मी लिहेलं व्हतं, ते?"

"ते घासलं गेलं नाही. मी खोडलं. रबरानं."

ते फाटलेल्या कागदाकडे बघत राहिले. एखादं माप जमत नसलं की ते असेच बघायचे. "म्हंजे ट्रेनिंगमंधी तुमी सोप्या जाग्यावर अडखळले ते…"

"मुद्दाम."

"मले वाटलं, मानूस मोठ्या खुर्चीवर हाये, इचाराले लाजून राह्यला. मी नीट समजावलं नाही म्हून साहेबाची फजिती झाली." त्यांनी एक सुई उपसली. "पण ज्याले समजलं नाही, तो खोडते कशाले? बराबर हाये. तुमाले समजलं व्हतं."

चाची पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. "याईले समजेल व्हतं?"

"हाव," चाचा म्हणाले.

"आन् तुमी अठरा वर्सं मले समजावून राह्यले. उशीवर, पोळीवर, जावयाच्या सदऱ्यावर. मले तोंडपाठ झालं का पट्टी दोन्हीकून सारखीच फाकते." त्यांनी तांब्या माझ्यापुढे ठेवला, जरा जोरातच. "साहेब, समजलं व्हतं तं एक चिठ्ठी टाकाची. मी तं सुटली असती."

मला वाटलं, चाचा हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी फॉर्म मागितला, चष्मा लावला आणि पाचही 'का' सावकाश वाचले. पाचव्यापुढे मी लिहिलं होतं, 'क्वालिटी मॅनेजरने भीतीपोटी इन्स्पेक्टरचा शेरा खोडला. इन्स्पेक्टरचे माप बरोबर होते.' तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "माप किती व्हतं ते लिहा. नुसतं बरोबर म्हंजे काय?"

मी लिहिलं, ०.६२.

"कुठून?"

मी त्यापुढे लिहिलं, भोकापासून.

मग त्यांनी सही केली, पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट. पेन मला परत दिलं आणि माझ्याकडे न बघता चाचींना म्हणाले, "म्हंजे म्या बराबर समजावलं व्हतं. पह्यल्याच खेपेले."